निर्धोक बाटलीचा मागोवा

छोट्या आगगाडीचे रूळ पुसावे लागतात, हे या छंदाच्या पहिल्या पिढीला माहीतच नव्हतं. जर्मनीतल्या गोपिंगेनच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या रुळांवरून धावणारी गाडी मांडली, ती चावीची होती. रूळ म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची वाकवलेली पन्हळ. गाडीला वळण दाखवायचं, एवढंच त्याचं काम. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून चालणारी वाफेची इंजिनंही तेव्हा होती. ती रुळांवर तेल, पाणी आणि काजळी सांडत जात आणि पुढच्या फेरीला त्याच घाणीवरून बिनतक्रार धावत. रूळ जरा तेलकट असलेला उलट बरा, कारण मग गंज चढत नसे.

हा निवांतपणा विजेने संपवला. न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कावनने १९०० च्या सुमाराला दुकानांच्या काचेआड गिऱ्हाइकांची नजर खेचण्यासाठी विजेची गाडी बनवली आणि गिऱ्हाइकं दुकानातला माल सोडून गाडीच मागू लागली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने १९२५ साली विजेवरची मेट्रोपॉलिटन गाडी आणली. आता मोटारीपर्यंत वीज नेणारी तारही रूळच होता. तारेवर मळ बसला तर वीज अडणार. तरी पहिली काही वर्षं निभावली, कारण त्या गाड्या दांडग्या होत्या. किलो-दोन किलोचं इंजिन स्वतःच्या वजनानेच मळ चिरडत जाई आणि मधल्या तिसऱ्या रुळावर टेकलेली धातूची पट्टी सतत घासत असल्याने वाट आपोआप साफ राही.

खरी पंचाईत १९३५ पासून सुरू झाली. त्या वर्षी मेर्क्लिन आणि ट्रिक्स या दोन जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावणाऱ्या, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. १९३८ मध्ये हॉर्नबीची ‘डब्लो’ आली. घरं लहान होत होती, गाड्याही लहान झाल्या. पण इंजिन हलकं झालं आणि चाक रुळाला जिथे टेकतं ती जागा टाचणीच्या डोक्याहूनही लहान झाली. तिसरा रूळ पुढे बहुतेकांनी काढून टाकला, कारण तो खऱ्या रेल्वेत नसतो. दिसायला सगळं सुरेख झालं. फक्त बारा व्होल्टची सगळी मदार त्या इवल्याशा टेकण्यावर आली.

त्या जागी जो काळा थर जमतो तो एका पदार्थाचा नसतो. थोडं वंगण, हवेतली धूळ, सतरंजीचे तंतू, चाकांच्या घासण्याने निघालेली धातूची भुकटी, प्लास्टिकच्या चाकांचा आणि पकडीसाठी चढवलेल्या रबरी पट्ट्यांचा चुरा, धातूवर चढलेलं ऑक्साइड. या सगळ्याला ठिणगी एकत्र बांधते. टेकणं नीट नसेल तर सूक्ष्म ठिणगी पडते, ठिणगीने तेल जळून कर्ब उरतो, धातूवर आणखी ऑक्साइड चढतं आणि त्यामुळे टेकणं आणखी बिघडतं. म्हणून जरासा मळलेला रूळ फार वेळ जरासा मळलेला राहत नाही. तेल निघायला एक द्रव लागतो, ऑक्साइड निघायला घर्षण लागतं आणि दोन्हींचं काम एकाच बाटलीतून व्हावं ही माणसाची हाव. या छंदातल्या सगळ्या बाटल्या त्या हावेतून आल्या आहेत.

पहिली बाटली विकतची नव्हतीच. घरात जे असेल ते वापरायचं. बेंझिन, पेट्रोल, रॉकेल, दिव्याचं स्पिरिट. त्यातल्या त्यात पेट्रोल तेल झटकन कापतं आणि लगेच उडून जातं, म्हणून लाडकं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, जमिनीलगत पसरते, आणि त्या काळी रूळही जमिनीवरच मांडलेले असत. त्यावरून ठिणग्या टाकत जाणारं इंजिन. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, तेव्हा युरोपच्या थंडीचाही उपयोग नव्हता. निर्धोक कशाला म्हणायचं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं ठरलं की जे पेटत नाही ते निर्धोक.

आणि न पेटणारं एक द्रव तयारच होतं. कार्बन टेट्राक्लोराइड. आंरी व्हिक्टर रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८३९ साली बनवलं होतं. पाण्यासारखं नितळ, गोडसर वासाचं, ग्रीज आणि डांबर सहज विरघळवणारं, झपाट्याने उडून जाणारं, आणि पेटायचं तर सोडाच, आग विझवणारं. १९११ पासून अमेरिकेत पायरीन नावाची पितळी पिचकारी विकली जाऊ लागली. ती मोटारगाडीत, स्वयंपाकघरात टांगून ठेवत आणि तिच्यात हेच द्रव भरलेलं असे. ब्रिटनमध्ये ‘थॉपिट’ या नावाने त्याची बाटली कपड्यांवरचे डाग काढायला घरोघर असे. आगीच्या बंबातलं रसायन रुळांवर चोळायचं, याहून निर्धास्त ते काय? १९४०-५० च्या काळात इंग्रजी बोलणाऱ्या जगातले शौकीन एकमेकांना बिनदिक्कत हाच सल्ला देत. आईच्या कपाटातली बाटली घ्या, फडक्यावर दोन थेंब टाका, रूळ पुसा.

या सल्ल्याच्या कितीतरी आधी एक बळी गेला होता, हे मला सगळ्यात बोचतं. १९०९ साली लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातल्या केशगृहात एका तरुणीचे केस याच द्रवाने ‘कोरडे’ धुतले जात होते. ती खुर्चीतच कोसळली आणि मेली. बातमी गाजली, खटला झाला. पण त्यातून लोकांनी बोध काय घेतला, तर केस धुवायला वापरू नये. फडक्यावरच्या दोन थेंबांचा कुणी विचार केला नाही. या द्रवाची वाफ यकृत आणि मूत्रपिंड पोखरते. त्यावर संध्याकाळी मद्याचा पेला झाला असेल तर इजा कैक पटीने वाढते. तापलेल्या धातूशी गाठ पडली तर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला तोच वायू. बंद खोली, हिवाळा, खिडक्या लावलेल्या, शेजारी हीटर, आणि टेबलाशी वाकून तासभर रूळ पुसणारा माणूस. पोटमाळ्यावरच्या किंवा तळघरातल्या लेआउटचं वर्णन याहून वेगळं नसे.

अमेरिकेने १९७० मध्ये घरगुती वस्तूंतून त्याला हद्दपार केलं. पुढे कळलं की ते आकाशातल्या ओझोनलाही खातं, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत १९९० मध्ये त्याचंही नाव गेलं. भारतात त्याचा वापर तसा उशिरापर्यंत चालू होता. तयार कपड्यांच्या कारखान्यांत यंत्राच्या तेलाचे डाग काढायला ते सर्रास लागे. मॉन्ट्रियल कराराखालचं आपलं उत्पादन आणि वापर २००९ च्या अखेरीस थांबला. आजही एखाद्या जुन्या माणसाच्या कपाटात तपकिरी काचेची अर्धी बाटली सापडते आणि ‘पूर्वीच्या वस्तू काय ताकदीच्या होत्या’ असं कौतुकही कानावर येतं. ताकद होती, यात शंका नाही.

त्याची जागा घेणारी ट्रायक्लोरोइथेन वगैरे भावंडं आली तशी गेली. टंकलेखनातली चूक पुसायच्या पांढऱ्या शाईतही तेच द्रावक असे. यकृताला ते पुष्कळ सौम्य, पण ओझोनला नाही, म्हणून १९९६ पर्यंत विकसित देशांत तेही बंद झालं.

दरम्यान गाडीच बदलली होती. १९५० च्या नाताळासाठी रोव्हेक्स कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांत प्लास्टिकच्या अंगाची गाडी आणली. पुढे तिचीच ‘ट्राय-अँग’ ही गाड्यांची मालिका झाली. त्या दशकात पॉलिस्टायरीनने हा सगळा धंदा व्यापला. इंजिनाचं अंग, डबे, स्टेशनं, रुळांखालचे स्लीपर, सगळं प्लास्टिकचं. पत्र्याच्या गाडीवर चालणारी द्रव्यं या प्लास्टिकला विरघळवतात. ॲसिटोनचा एक थेंब पॉलिस्टायरीनच्या डब्यावर पडला की तिथली नक्षी जाऊन चिकट खड्डा पडतो. पेट्रोलने अंगावर बारीक चिरा उठतात. विमानांची मॉडेलं जोडायचा डिंकही असाच चालतो, तो प्लास्टिक विरघळवूनच जोडतो. तेव्हा आता निर्धोक म्हणजे जे माझ्या गाडीला खात नाही ते. माणसाच्या फुप्फुसापेक्षा डब्याच्या रंगाची काळजी शौकिनांनी जास्त तत्परतेने घेतली, असं त्या काळचं साहित्य चाळताना वाटल्यावाचून राहत नाही.

या अटीत बसलं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याचा जन्म तेलशुद्धीकरणाच्या उकिरड्यावर झालेला. पेट्रोल काढताना प्रोपिलीन वायू निघे आणि तो नुसता जाळून टाकत. १९२० साली न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलने त्यातून हे अल्कोहोल व्यापारी प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. खनिज तेलापासून बनवलेल्या रसायनांच्या उद्योगाची सुरुवात इथूनच धरतात. ते पॉलिस्टायरीनला सहसा दुखवत नाही, पाण्यात मिसळतं, मागे डाग ठेवत नाही. ॲक्रिलिक रंग मात्र सोडवतं, म्हणून इंजिनावर हात जपून. पेटतंही. शुद्ध असेल तर बारा अंश सेल्सियसलाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. पन्नास वर्षं तरी या छंदाचं सर्वमान्य द्रव हेच आहे, आणि माझ्या मते ते तसं असण्याला कारण आहे. त्याचे दोष उघड्यावर आहेत.

द्रवाने तेल जातं, ऑक्साइड जात नाही. त्यासाठी घासणं आलं, आणि घासण्याची वंशावळ वेगळीच आहे. ज्या १८९१ साली लाइपझिगला ती गाडी मांडली गेली, त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या मोनोंगहेला गावी एडवर्ड अचेसन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करायला गेला. हिरे झाले नाहीत. निळसर चमकणारे, काच ओरखडणारे कण मिळाले, त्यांना त्याने कार्बोरंडम म्हटलं. कृत्रिम घर्षणकणांचं युग या माणसापासून सुरू होतं. पॉलिश पेपर, सहाणा आणि खरखरीत कण मिसळलेली रबरं ही त्याचीच प्रजा. ब्रिटनमध्ये पेको कंपनीचं खोडरबरासारखं ठोकळारबर आणि अमेरिकेत ब्राइट बॉय ही नावं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी बसली. चार वेळा फिरवलं की रूळ लखलखतो. पण भिंगाखाली पाहिलं तर लखलखाटात चऱ्या दिसतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांत घर करतो. शिवाय रबराचा भुगा सांध्यांच्या फटीत शिरतो. लोखंडी तारेच्या घासणीचा मोह तर मुळीच नको. तिचे केसाएवढे तुकडे तुटतात, इंजिनातलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटार आतून शॉर्ट होते.

सगळ्यात शहाणा मार्ग कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या जॉन ॲलनच्या नावावर जमा आहे. त्याचा लेआउट अमेरिकेत दंतकथा होऊन बसला. डब्याच्या पोटाखाली हार्डबोर्डचा चौकोनी तुकडा सैल लटकवायचा, त्याची खडबडीत बाजू रुळावर टेकवायची आणि तो डबा रोजच्या मालगाडीला जोडून द्यायचा. हार्डबोर्ड हाही वायाच गेलेल्या मालाचा वंशज. मिसिसिपीतल्या लॉरेल गावी विल्यम मेसनने १९२०-३० च्या दशकात लाकूड गिरणीच्या ढलप्या वाफेने फोडून, दाबून तो बनवला. त्याचे तंतू मळ धरतात पण धातूला चऱ्या पाडत नाहीत. तुकडा काळा झाला की पॉलिश पेपरवर घासून पुन्हा वापरायचा. बाटली नाही, वास नाही, खर्च नाही. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कुणी केली नाही.

अचेसनची गोष्ट मात्र इथे संपत नाही. कार्बोरंडम प्रमाणाबाहेर तापवलं तेव्हा त्यातलं सिलिकॉन उडून गेलं आणि मागे शुद्ध ग्राफाइट उरलं. १८९६ मध्ये त्याने त्याचंही पेटंट घेतलं. आणि आज रूळ घासणं सोडून दिलेले कित्येक शौकीन काय करतात, तर चित्रकाराची मऊ ग्राफाइटची कांडी रुळाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवतात. ग्राफाइट वीज वाहून नेतं, ठिणगी कमी पडते, मळ धरत नाही. जास्त लावलं तर चढावर चाकं घसरतात, एवढंच.

चाकं घसरली तर हसू येतं, पण रुळावरच्या थराने खरी रेल्वेही अडते. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किट आणलं. दोन्ही रुळांत कमी दाबाची वीज सोडायची, गाडी आली की तिची चाकं आणि आस ती वीज जोडून टाकतात आणि सिग्नल लाल होतो. जगभरातल्या सिग्नलांचा पाया तो, आपल्याकडच्याही. पण क्वचित वापरातल्या मार्गावर रुळांवर गंजाचा पापुद्रा धरतो, हलकी गाडी त्यावर उभी असूनही वीज जुळत नाही, आणि यंत्रणेच्या दृष्टीने मार्ग मोकळा दिसतो. ब्रिटनमध्ये अशा जागी रुळाच्या माथ्यावर न गंजणाऱ्या पोलादाची नागमोडी वेल्डिंगची रेघ ओढतात. शेकडो टनांची गाडी आणि पाव किलोचं इंजिन, दोघांनाही अडवतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शातला थर. तिथे प्रश्न जिवाचा असल्यामुळे त्यांनी मात्र बाटली न शोधता धातू बदलला.

छंदातही रुळाचा धातू बदलला, हळूहळू. कथलाचा पत्रा, मग पोलाद, मग पितळ, आणि शेवटी तांबं, जस्त आणि निकेल यांचा निकेल सिल्व्हर हा मिश्रधातू. आज दुकानात मिळणारे रूळ बहुतेक त्याचेच, ते पितळेपेक्षा सावकाश काळवंडतात. पितळी रूळ ज्यांच्याकडे उरले आहेत, विशेषतः वडिलांच्या किंवा काकांच्या पेटीतून, त्यांचा हात हमखास ब्रासोकडे जातो. देव्हाऱ्यातली समई लखलखते, मग रूळ का नाही? पण ब्रासोत बारीक पूड असते आणि अमोनिया असतो. पूड सांध्यांत आणि इंजिनाच्या दात्यांत बसते. अमोनिया आणि पितळ यांचं वैर तर जुनं आहे, आणि ते उघडकीला आलं आपल्याच देशात. पावसाळ्यात कोरड्या जागी म्हणून ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. पावसाळा संपला की त्यांच्या नळ्या तडकलेल्या निघत. कित्येक वर्षं कुणालाच उमजेना. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळेत दडलेला ताण, या तिघांनी मिळून ते केलं हे १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी सप्रयोग मांडलं. ब्रासोने एकदा पुसल्याने रूळ तडकणार नाही. पण त्या वासाच्या वस्तू तांब्याच्या धातूंपासून लांब ठेवायची सवय बरी.

१९८० च्या दशकात मळाचा उपद्रव वाढवणारं आणखी एक पाऊल पडलं. गाड्या संगणकी आज्ञा घेऊ लागल्या. मेर्क्लिनने आणि जर्मनीतल्याच बर्न्ड लेन्झने डिजिटल नियंत्रण आणलं. पुढे लेन्झच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रमाणं ठरवली. आता रुळातून वीज जाते आणि तिच्यातूनच हुकूमही जातो. जुनी मोटार क्षणभर वीज तुटली तर गतीच्या जोरावर पुढे सरके. आता तेवढ्यात इंजिनातली चिप बंद पडून पुन्हा जागी होते, शिट्टी मध्येच थांबते, इंजिन सुरू व्हायचा आवाज पुन्हा पहिल्यापासून वाजतो. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्को नावाची डबी आली होती, ती उच्च वारंवारतेच्या विजेने मळातून वाट फोडत असे. डिजिटल यंत्रणेशी तिचं जमत नाही, म्हणून तीही कोनाड्यात गेली.

याच चिंतेतून गेल्या काही वर्षांत एक नवा पंथ उभा राहिला. २०१९ च्या सुमारास अमेरिकेतल्या छंदिष्टांमध्ये असा विचार पसरला की अल्कोहोल, ॲसिटोन ही ध्रुवीय द्रावकं रुळावर ठिणगीला पोषक असा अंश ठेवतात, तेव्हा रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन अशी अध्रुवीय द्रावकं वापरावीत. पुरावा म्हणून डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाच्या आकड्याची उतरंड पुढे केली जाते. पाण्याचा ऐंशीच्या घरात, आयसोप्रोपिलचा वीसच्या आसपास, रॉकेलचा दोनहून कमी. जितका लहान तितका उत्तम. मला ही उतरंड पटत नाही. जे द्रव मिनिटभरात उडून जातं त्याचा स्वतःचा स्थिरांक नंतर रुळावर काय करणार? रॉकेलने रूळ जास्त दिवस चालतो असं सांगणारे शेकडो लोक खोटं बोलत असतील असंही नाही. रॉकेल तेलकट मळ अल्कोहोलपेक्षा बरा विरघळवतं आणि जाताना अतिशय पातळ थर ठेवून जातं, जो धातूला हवेपासून झाकतो. कारण चुकीचं आणि गुण खरा, असं पुष्कळ घरगुती औषधांचं असतं. अमेरिकेत न्हाव्याच्या यंत्राचं तेल थेंबभर रुळाला लावणारेही बरेच आहेत, आणि त्यातलं गमक हेच असावं.

म्हणजे ज्या रॉकेलपासून रूळ पुसणाऱ्या पहिल्या पिढीने सुरुवात केली होती, तिथेच पाचवी पिढी नव्या परिभाषेसह येऊन पोचली. फक्त ही परिभाषा थंड देशांत लिहिलेली आहे. तिथे रॉकेल ‘सहज न पेटणारं’ ठरतं, कारण खोली वीस अंशांची. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलची वाफ किमान पस्तीस अंशांपर्यंत पेटण्याजोगी होऊ नये अशी अट आहे. मे महिन्यात चंद्रपूर किंवा जळगावला पत्र्याखालच्या खोलीत पस्तीस हा आकडा सकाळी दहालाच मागे पडतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे आणि अनेक मराठी मुलांच्या डोक्यात हे खूळ तिथूनच शिरतं. ती मुलं घरी येऊन जेव्हा परदेशी सल्ले वाचतात, तेव्हा त्यात आपला उन्हाळा धरलेला नसतो, आपला पावसाळाही नसतो.

आपल्याकडच्या दुकानांत याच वंशावळीची माणसं वेगळ्या नावांनी भेटतात. हार्डवेअरवाला ‘थिनर’ म्हणून जे देतो त्यात बहुधा टोल्युइन आणि ॲसिटोनची भावंडं असतात. ते स्लीपरच विरघळवेल. रेशनवर मिळे ते रॉकेल भेसळ ओळखू यावी म्हणून निळं रंगवलेलं असे, रुळांसाठी पांढरं बरं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए या नावाने आयसोप्रोपिल मिळतं, आणि ते इलेक्ट्रॉनिक्ससाठीच असल्याने बहुतेक वेळा चांगलं निघतं. करोनानंतर घरोघर उरलेलं सॅनिटायझर मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत हात कोरडे पडू नयेत म्हणून दीड टक्क्याच्या आसपास ग्लिसरॉल असतं, ते उडत नाही, चिकटून राहतं आणि धुळीला बोलावतं. इंग्लंडमधल्या नातेवाइकाने आणलेलं सर्जिकल स्पिरिटही तसंच, त्यात एरंडेल असतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने क्षेपणास्त्रांना गंजापासून वाचवायला बनवलेल्या मिश्रणाचा. रुळांवर त्याचं तेल जास्तच उरतं. त्याच कंपनीचा वीजजोडांसाठीचा वेगळा डबा मिळतो, तो निराळा.

मग छंदाच्या दुकानातल्या त्या चिमुकल्या, भारी किमतीच्या बाटल्या? त्यांच्या लेबलावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ असं लिहिलेलं असतं, आत काय आहे ते बहुधा नसतं. पण आता एक सोय झाली आहे. रसायनांच्या धोक्यांची माहिती कशी द्यायची याची जागतिक पद्धत संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ठरवली. तिच्यानुसार उत्पादक सोळा कलमांचं सुरक्षितता पत्रक काढतात आणि त्यातलं तिसरं कलम घटकांचं असतं. तिथे नावापुढे एक आकडा असतो, जो ब्रँड बदलला तरी बदलत नाही. ६७-६३-० दिसला तर आत आयसोप्रोपिल. ५६-२३-५ दिसला तर ती कार्बन टेट्राक्लोराइडची बाटली आहे, उघडू नका. आणि ६४७४२-४७-८ दिसला तर पाश्चात्त्य पॅकिंगमध्ये, वास काढून, चांगल्या किमतीला तुम्ही रॉकेल विकत घेत आहात.